माझा डाव येईपर्यंत

मारिओच्या व्हिडिओ गेममधला त्याचा भाऊ लुईजी, त्याची टोपी पांढरी की हिरवी, यावरून माझं आणि भाच्याचं गेल्या दिवाळीपासून वाजलं आहे. भाचा नऊ वर्षांचा, पुण्यात वाढतोय, आणि या विषयातला त्याचा अधिकार घरात कुणी नाकारत नाही. त्याच्या मते टोपी हिरवी, कपाळावर पांढरा गोल, गोलात एल. मी खेळांतल्या पात्रांची लोकरीची खेळणी करते, आणि माझ्या क्रोशाच्या सुईवर होती ती टोपी पांढरी. "आत्या, चुकतेयस तू," तो म्हणाला. मोठ्या माणसांना सांभाळून घ्यावं, अशा आवाजात.

मी चुकत नव्हते. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ १९८५चा. त्यात लुईजीचं वेगळं असं चित्रच नव्हतं. मारिओचंच चित्र, रंग तेवढे बदललेले. टोपी आणि डांगरी पांढरी, सदरा हिरवा. हिरव्या टोपीचा लुईजी या खेळात नाही. मी विणते तो याच खेळातला, कारण माझी ओळख त्याच्याशी. ओळख कसली, मीच लुईजी होते. दुसरा रिमोट माझा होता.

म्हणजे माझ्या हातात असायचा, इतकंच. टीव्ही गेम मामानं सुरतेहून आणला होता. १९९५ची उन्हाळ्याची सुट्टी, अमळनेरचं आमचं धाब्याचं घर, आणि दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नाही असं ऊन. कॅसेटवर '९९९९९९ इन १' असं छापलेलं. प्रत्यक्षात खेळ पंधरा-वीस, तेच नावं बदलून फिरून फिरून आलेले. मारिओमध्ये दोघांचा खेळ लावला की नियम असा, पहिला मेला की दुसऱ्याचा डाव. पहिला दादा. आणि दादा मरायचा नाही.

कधीमधी मेलाच, तर पडद्यावर लुईजी यायचा आणि मी सरसावून बसायचे. चारदोन पावलं चालून झाली की दादाचा हात पुढे. "आण इकडे, एवढा कठीण भाग पार करून देतो." कठीण भाग कधी संपायचा नाही. सुट्टीभरात मी किती खेळले असेन याचा हिशेब केला, तर पंधरा मिनिटं भरतील की नाही शंका आहे. बघितलं मात्र तासन् तास.

त्या बघण्यातच आईची नजर माझ्यावर पडली. "नुसती नको बठू, हातले कायतरी काम दे," असं म्हणून तिनं पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा आणि क्रोशाची सुई माझ्या मांडीवर टाकली. तिचं स्वतःचं काम बाराही महिने चालू असायचं. गल्लीत कुठंही लग्न निघालं की रुखवतात आईच्या हातचं काहीतरी हवंच. ताटाभोवतीची महिरप, टीपॉयचा रुमाल, लोकरीचं तोरण. आमच्या टीव्हीलाही तिच्या हातचा रुमाल होता. गेम लावताना तो घडी घालून बाजूला ठेवायचा, खेळ संपला की पुन्हा टोकं जुळवून टीव्हीवर. ही अट मोडली, तर गेम माळ्यावर जायचा.

आधी साखळी शिकले. मग मुका खांब. क्रोशातला खांब म्हणजे उभा टाका. त्यासाठी दोरा आधी सुईवर एक वेढा घेऊन मग टाक्यात घालायचा, म्हणून तो उंच होतो, जाळी मोकळी पडते. मुक्या खांबात वेढा नाही. सुई खुपसायची, दोरा ओढून आणायचा, दोन्ही फासांतून एकदम काढायचा. बुटका, गच्च टाका. आईच्या कामात त्याला मान नव्हता. काठ बसवायचा असेल, नाहीतर एखादी ओळ चोरपावलानं पुढं सरकवायची असेल, तर मुका खांब. मला त्या सुट्टीत तेवढाच नीट जमला. दादा उड्या मारत होता आणि मी पडद्यावरची नजर न काढता मुके खांब घालत होते. बोटांना डोळे लागत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

खेळणाऱ्याचं लक्ष पुढच्या खड्ड्यावर असतं. बघणाऱ्याला बाकीचं सगळं दिसतं. एक दिवस मी दादाला म्हटलं, "ते वरचे ढग आणि खालची झुडपं एकच आहेत." त्यानं मला वेड्यात काढलं. पण होती एकच. आमचा टीव्ही काळापांढरा, त्यामुळे रंगानं फसायचा प्रश्न नव्हता. नुसती बाह्यरेषा दिसायची, आणि ढगाचे उंचवटे जसेच्या तसे झुडपाला होते. शिवाय घरात आईचं तेच चाललेलं असायचं. कमळाचा एकच नमुना, पांढऱ्या दोऱ्यात केला की रुमाल, लाल-हिरव्या लोकरीत केला की तोरण. मला त्यात नवल वाटलं नाही. वाटलं, मारिओवाल्यांनीही नमुना वाचवला असेल.

खरोखर तसंच होतं, हे कळायला पुढं कैक वर्षं गेली. तो अख्खा खेळ ४० केबीत बसवलेला, त्यातली चित्रांसाठी जागा ८ केबी. आज कुणी लग्नपत्रिकेचा फोटो मोबाइलवर पाठवतं, तो याच्या कितीतरी पट असतो. एवढ्या जागेत ढग वेगळा आणि झुडूप वेगळं काढायची चैन परवडणारी नव्हती. एकच आकार, वर पांढरा, खाली हिरवा.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात होती. त्या खेळात पडदा फक्त पुढं सरकतो. मारिओ एकदा पुढं गेला की मागचं डाव्या काठाआड जातं ते जातंच. मी दादाला म्हणायचे, "मागं जा ना, ते नीट बघायचंय." तो चिडायचा. त्याच्या हातातच नव्हतं ते. आणि लाईट गेली तर सगळंच गेलं, पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मांडीवरची सुई मात्र अंधारातही होती तिथंच असायची. मला मागंही जाता यायचं. क्रोशात जिवंत फास एकच असतो, तो सुईवरचा. सुई काढून दोरा ओढला की सरसर उसवत हवं तिथपर्यंत जा, तिथं फास धरा, पुन्हा सुरू. उसवताना जो बारीक खडखडाट होतो तो मला अजून आवडतो. आईला आवडायचा नाही. "दोरा मरस," म्हणायची. वारंवार उसवलेला दोरा मरतो, हे खरंच आहे.

मधली वीस-बावीस वर्षं सोडून देते. शिक्षण, लग्न, जळगावची नोकरी, अमळनेर-जळगाव अप-डाऊन. सुई कपाटात होती. भाचा पाच वर्षांचा झाला तेव्हा त्याला कर्बी हवा होता. कर्बी हाही व्हिडिओ गेममधलाच, म्हणजे गुलाबी चेंडूला हातपाय. मला वाटलं, एवढं तर मीही करीन.

या कामाला जपानी लोक आमिगुरुमी म्हणतात. आमि म्हणजे विणणं, आणि नुइगुरुमी म्हणजे आत भरण घालून शिवलेलं खेळणं, दोन्ही मिळून झालेला शब्द. मी नमुना वाचायला घेतला आणि हसूच आलं. सगळं खेळणं, पहिल्या टाक्यापासून शेवटच्यापर्यंत, मुक्या खांबाचं. आईच्या रुमालातला सर्वांत दुय्यम टाका. कारण सरळ आहे. खांबाच्या जाळीतून आतलं भरण बाहेर डोकावेल, मुका खांब गच्च बसतो. सुईही लोकरीच्या मानानं बारीक घ्यायची, म्हणजे आणखी गच्च.

सुरुवात सहा टाक्यांनी. दोऱ्याचा एक सुटा फेरा करायचा, त्यात सहा मुके खांब घालायचे आणि टोक ओढलं की मधलं भोक मिटतं. पुढच्या ओळीत बारा, मग अठरा, चोवीस, तीस, छत्तीस. दर ओळीला सहा वाढवत गेलं की चकती सपाट राहते. सहाच का, हा प्रश्न मला रात्रभर छळत होता. उत्तर शाळेतल्या भूमितीत निघालं. मुका खांब जेवढा रुंद, साधारण तेवढाच उंच. म्हणजे प्रत्येक ओळीनं त्रिज्या एका टाक्यानं वाढते, आणि परीघ २π च्या पटीत, म्हणजे सहा पूर्णांक काहीतरी टाक्यांनी. वरच्या त्या काहीतरीची चूक लोकर पोटात घालते. आठ-आठ वाढवले तर झालर पडते, चार-चार वाढवले तर वाटी होते. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग आमचा रुमाल बाराने का सुरू होतो?" आणि उत्तरही तिनंच दिलं. खांब उंचीला दुप्पट, म्हणून टाकेही दुप्पट. आई सातवीपर्यंत शिकली आहे.

चेंडू करायचा तर चकती पुरेशी झाली की वाढवणं थांबवायचं, काही ओळी तशाच घालायच्या, मग सहा-सहानं घटवत आणायचं. हे सगळं गोल गोल, मळसूत्री. ओळ कुठं सुरू झाली ते दिसतच नाही, म्हणून पहिल्या टाक्यात खूण लावावी लागते. त्यासाठी छोटे छोटे प्लास्टिकचे हूक मिळतात. मी बांगडीतली सेफ्टी पिन काढून लावते. पहिल्या वेळी ती पिन मध्येच कुणाच्या तरी पदराला हवी म्हणून गेली. मी अंदाजानं वाढवत राहिले. चेंडू वर निमुळता, खाली फुगलेला झाला. त्यातून लोकर नेमकी गर्द गुलाबी, जांभळ्याकडे झुकणारी.

मोठमाय, म्हणजे आमची आजी, तेव्हा होती. तिनं ते हातात घेऊन फिरवलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "हाई वांगं शे का?"

वांगंच होतं. भरताचं, चांगलं पावशेराचं. मी हिरवी टोपी आणि देठ शिवून टाकला. तो पहिला कर्बी अजून आमच्या फ्रीजवर आहे आणि आल्यागेल्याला वाटतं, जळगावच्या भरताच्या अभिमानानं केलाय.

दुसऱ्या वेळी टाके मोजले. मग प्रश्न आला भरणाचा. आमच्या वावरात कापूस. घरात मोठमायनं वातींसाठी सरकी काढून ठेवलेली रुई कायम असायची. मला वाटलं, कापसाच्या मुलुखात बसून खेळण्यात भरायला विकत काही आणायचं म्हणजे लाजच. भरली रुई ठासून. कर्बी वरवंट्याएवढा जड झाला. भाच्यानं लाडानं फेकला तो माझ्या नडगीवर बसला. आणि धुतल्यावर तर कहरच झाला. रुईचे गोळे होऊन एका बाजूला सरकले, आणि तीन दिवस वाळत घालूनही आतून ओलसर. शेवटी उशीत घालतात तो फायबर आणला. हलका, दाबला की पुन्हा फुगणारा, धुतला तर तासाभरात पाणी सोडणारा. मोठमायला ते मुळीच पटलं नाही. तिनं तो चिमटीत धरून फुंकला आणि म्हणाली की हे कापसाचं भूत आहे. मला आजही भरताना थोडं चोरल्यासारखं वाटतं.

कर्बीच्या रंगाची एक गंमत आहे. तो पहिल्यांदा १९९२मध्ये गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला, आणि त्या यंत्राच्या पडद्याला रंगच नव्हते. कर्बी घडवणाऱ्या मासाहिरो साकुराई यांनी तो मनात गुलाबी ठरवला होता, पण अमेरिकेत खेळाच्या खोक्यावर चित्र छापलं गेलं ते पांढऱ्या कर्बीचं. पडद्यावर तसाच दिसत होता ना. हे वाचलं तेव्हा मला आमचा टीव्ही आठवला. मला मारिओ लाल असतो हे आमच्या टीव्ही गेमच्या खोक्यावरच्या चित्रावरून माहीत होतं, पण डोळ्यांना तो करडाच माहीत होता. माझा लुईजी त्याच्यापेक्षा जरा उजळ करडा. पहिल्यांदा एका मैत्रिणीकडे रंगीत टीव्हीवर मारिओ पाहिला तेव्हा मला तो नटल्यासारखा वाटला होता. लग्नात पहिल्यांदाच नवा कोट घातलेल्या काकांसारखा.

लोकर घ्यायला मी जळगावच्या फुले मार्केटात जाते. मे महिन्यात लोकर मागितली की दुकानदार आधी माझ्याकडे बघतो, मग पंख्याकडे. पारा ४५च्या वर, आणि बाई लोकर मागते. आमच्याकडचा उन्हाळा या कामाचा वैरीच आहे. अॅक्रिलिकची लोकर घामेजल्या बोटांना चिकटते, अॅल्युमिनियमच्या सुईवर करकरते, आणि दोऱ्याची ओढ बिघडते. ओढ बिघडली की टाका बिघडला. आई याला 'हात' म्हणते. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. उन्हाळ्यात माझा हात सैल पडतो, हिवाळ्यात घट्ट. मे महिन्यात केलेला मारिओ आणि जानेवारीत केलेला लुईजी शेजारी ठेवले तर टाके तेवढेच असूनही मारिओ बोटभर थोराड दिसतो. म्हणून जोडीचं काम मी एकाच ऋतूत करते. उन्हाळ्यात रात्री धाब्यावर, नाहीतर पहाटेच्या गाडीत.

गाडीत लोक विचारतातच. बाळ कधी होणार आहे, हा पहिला प्रश्न. मी चाळिशी ओलांडलेली आहे हे बघूनही. मग हातातलं उलटसुलट बघून, हे काय आहे. एकदा धरणगावला चढलेल्या कॉलेजच्या पोरानं लांबूनच ओळखलं, "मॅडम, अमंग अस!" तो खेळ २०१८चा, पण गाजला २०२०मध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना. त्यातली माणसं म्हणजे उभं बी, त्याला काच आणि पाठीवर दप्तर. हात नाहीत. विणायला इतकं सोपं पात्र दुसरं नाही, म्हणून मी ती डझनावारी केली आहेत.

माझं एक मत झालं आहे, पटो न पटो. जुन्या खेळांतली पात्रं लोकरीत चांगली उतरतात, कारण ती मुळात मोजक्या ठिपक्यांत बसवलेली. मारिओ १९८१मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याला वाट्याला आलेले ठिपके इतके थोडे होते की तोंड काढायला जागा नव्हती. म्हणून मिशी. केस काढणं अवघड, म्हणून टोपी. हात हललेले कळावेत म्हणून डांगरी. मारिओ घडवणाऱ्या शिगेरू मियामोतो यांनी हे पुढं अनेकदा सांगितलं आहे. मी आईला तो जुना मारिओ मोठा करून दाखवला, चौकोन चौकोन दिसतील असा. तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, "हे तर मॅटीवरचं भरतकाम." तिचे पोपट आणि 'सुस्वागतम' असेच घरं मोजून भरलेले असायचे. मला ते इतकी वर्षं सुचलं नव्हतं. आता भाचा मला नव्या खेळांतली माणसं दाखवतो. केसन् केस वेगळा, कपाळावरचा घामही दिसतो. मी म्हणते, बाबा रे, याचा मी काय करू? यात माझ्यासाठी काही सोडलेलंच नाही.

त्याला मधला मार्ग सापडला तो माइनक्राफ्ट या खेळाचा. त्यातलं सगळं चौकोनी. मला वाटलं सोपं जाईल. गोल सोपा असतो, चौकोन नव्हे. सहा सपाट तुकडे विणून शिवले की भरण घातल्यावर प्रत्येक बाजू पोट काढते आणि ठोकळ्याची उशी होते. कडा उठून दिसावी म्हणून वळणाची ओळ टाक्याच्या फक्त मागच्या फासात घालायची असते. तेही केलं. तरी पोट ते पोटच. मग आत पुठ्ठा घातला, पण तो धुण्यात लगदा होणार. शेवटी आइस्क्रीमचे रिकामे डबे कापून त्याचे चौकोन आत बसवले, आणि क्रीपर, म्हणजे त्या खेळातला राक्षस, एकदाचा ताठ उभा राहिला. हिरवा, चार आखूड पाय, हात नाहीत, रडवेलं तोंड.

त्या रात्री धाब्यावर पडल्या पडल्या भाच्यानं मला क्रीपरच्या जन्माची कथा सांगितली, आणि ती खरी आहे. खेळ बनवणारा मार्कस पर्सन डुक्कर तयार करत होता. आकडे भरताना लांबीच्या जागी उंची आणि उंचीच्या जागी लांबी पडली. डुक्कर आडवं व्हायचं ते उभं राहिलं. त्याला ते भयाण ध्यान आवडलं आणि त्यानं तसंच ठेवलं. "म्हणजे चूक होती," भाचा म्हणाला, "पण फेमस झाली." खाली स्वयंपाकघरात फ्रीजवर वांगं बसलेलं होतं. मी काही बोलले नाही.

डोळ्यांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. सगळं अंग झालं तरी डोळे बसेपर्यंत ती फक्त लोकर असते. बाजारात प्लास्टिकचे काळे डोळे मिळतात. मागून चकती दाबली की पक्के बसतात, पण ते तोंड बंद करायच्या आधी बसवावे लागतात, कारण चकती आतून लावायची असते. म्हणजे चेहरा अर्धवट असतानाच नजर ठरवायची. तीन वर्षांखालच्या मुलासाठी मी ते वापरत नाही. पोरं दातांनी उपटतात. तिथं काळ्या दोऱ्यानं भरते. कर्बीचे डोळे उभे, लांबट. तीन ओळींच्या उंचीचे, दोघांमध्ये चार टाके, वर पांढऱ्याचा एक ठिपका. हे मी सहज लिहिलं, पण एकदा मध्ये पाच टाके सोडले गेले, तर बाळाचा चेहरा जाऊन वायदा चुकवणाऱ्या माणसाचा आला. एक टाका. टाचण्या लावून मी खेळणं खिडकीत ठेवते, लांब जाते, परत येते, टाचणी अर्धा टाका सरकवते. चहा होतो, भाजी करपते. मग एकदम ते माझ्याकडे बघायला लागतं. तेव्हा भरायला घ्यायचं.

हे तू विकत का नाहीस, असं विचारणारे भेटतातच. तळहाताएवढ्या कर्बीला माझे सहा तास जातात. तासाचा भाव लावला तर घेणारा मला वेड्यात काढेल, नाही लावला तर मी स्वतःला. वर, पात्रं दुसऱ्याच्या मालकीची. माझ्या नमुन्यात माझं आहे ते टाके मोजणं, चेहरा त्यांचा. त्यामुळे देते, विकत नाही. शेजारची मुलगी गुलाबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या भुलाबाईसारख्या मुलींच्या सणाच्या दिवसांत मातीच्या गुलाबाईसमोर आरास करते. तिनं दोन भुतं मागून नेली, पॅकमॅन या खेळातली, एक लाल, एक आकाशी. खाऊ ओळखायच्या वेळी ती भुतं ताटाजवळ राखणीला.

तर टोपी. भाऊबीजेच्या संध्याकाळी दादानं टीव्हीला काहीतरी जोडलं आणि तोच खेळ लागला. तेच गाणं. टीव्ही आता भिंतीवरचा, त्यावर रुमाल घालायची सोय नाही, याचं आईला अजून वाईट वाटतं. भाच्यानं निकाल दिला, "पहिला डाव आत्याचा." मी मारिओ झाले. आयुष्यात पहिल्यांदा. पहिलंच चालतं मशरूम समोरून आलं. ते कसं येतं, कधी उडी मारायची, कुठल्या विटेत काय आहे, सगळं मला तोंडपाठ. बोटाला मात्र ते कधी कुणी सांगितलेलंच नव्हतं. मेले.

दादाचा डाव आला. पडद्यावर लुईजी, पांढऱ्या टोपीचा. मी भाच्याकडे पाहिलं. "हे जुनं व्हर्जन आहे," तो म्हणाला आणि विषय संपवला. दादा खेळायला लागला. पंचेचाळिशी आली, चाकणला नोकरी करून पाठ धरते, पण अंगठे अकरावीतलेच. मी सुई उचलली. टोपीची शेवटून दुसरी ओळ होती, आणि लुईजीच्या सोबत एक ढग करायचं मनात होतं. तीन उंचवट्यांचा मोठा ढग पडद्यावर आला आणि निघालाही.

"दादा, पुढचा आला की थांब जरा. ढग बघायचाय."

तो थांबेल असं मला वाटलं नव्हतं. पुढचा ढग मधोमध आला आणि त्यानं बटण सोडलं. लुईजी खाली उभा, वर घड्याळाचे आकडे उतरत होते. भाचा ओरडला, "पप्पा, टाइम जातोय!" दादा म्हणाला, "जाऊ दे. मागं येत नाही ते, तिला बघू दे."

मी उंचवटे मोजले. खालच्या काठाला किती टाके लागतील त्याचा अंदाज घेतला, बोटावर लोकर गुंडाळून पाहिली. आकडे शंभरावर आले तसं गाणं एकदम भरभर वाजायला लागलं.

"झालं?" दादानं विचारलं.

"झुडूप राहिलंय अजून," मी म्हणाले.